गरोदरपणात कंबर दुखते ती वजनामुळेच का? खाणं कमी करावं का?

गटप्रवर्तक_कुंभारी
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गोदूताई विडी घरकुल (विडी कामगार बायांची वसाहत) आणि अक्कलकोट रोडच्या बाजूच्या वस्त्यांमधल्या आशाताईंच्या बैठकांत एक विषय सारखा निघतो. पाचवा-सहावा महिना लागला, बाईनं कंबर धरली, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "वजन लई वाढलंय, एक भाकरी कमी कर." शेजारच्या घरात याच्या उलट: "दोन जिवांची हायेस, दुप्पट खा आन् पडून ऱ्हा." दोन्ही सल्ले ऐकून बाई गोंधळते. म्हणून मी इथं तीन प्रश्न विचारते. वजन नेमकं किती वाढावं? कंबर वजनामुळेच दुखते का? आणि दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई मशिनवर बसणाऱ्या बाईला घरच्या घरी, पैसे न घालता काय करता येईल? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचं आहे.

उपकेंद्र_सिस्टर
फार गरजेचा धागा. पहिल्या प्रश्नाचं सोपं उत्तर: आपल्या सरकारी मार्गदर्शनात नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढ धरलेली आहे. पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला साधारण २ किलो. कार्डावर दर तपासणीला वजन लिहिलं जातं ते याचसाठी.

डॉ_पूर्वभाग
सिस्टर, ९ ते ११ हा सर्वांसाठी एकच आकडा झाला. ४० किलोची बाई आणि ७० किलोची बाई यांना एकाच मापानं मोजू नये. गरोदर होण्याआधीचा (किंवा पहिल्या तीन महिन्यांतला) बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) काढा: वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले उंची. १५० सेंमी उंची आणि ४० किलो वजन असेल तर बीएमआय १७.८ येतो, म्हणजे कमी वजन. तिची वाढ १२.५ ते १८ किलो व्हायला हवी. बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६. २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५. ३० आणि त्यावर ५ ते ९. हे २००९ सालचे अमेरिकी संस्थेचे आकडे आहेत, पण जगभर वापरतात. आपल्याकडच्या ठेंगण्या, बारीक चणीच्या बायकांसाठी वरचं टोक गाठायचा हट्ट नको, खालच्या टोकाजवळ राहिलं तरी चालतं.

एकूण आकड्यापेक्षा मी वेगाकडे बघायला सांगेन. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो. उलट्यांमुळे थोडं घटलं तरी घाबरायचं नाही. पण मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलोच्या वर गेलं, तर दाखवायलाच हवं. चौथ्या महिन्यापासून सर्वसाधारण वजनाच्या बाईचं आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास, कमी वजनाच्या बाईचं ५००, जास्त वजन असेल तर २५० ते ३००, आणि बीएमआय ३०च्या वर असेल तर २०० ग्रॅमच्या आसपास वाढावं.

उपकेंद्र_सिस्टर
मान्य. पण आमच्याकडे पुष्कळ बाया पहिल्यांदा येतात तेव्हाच चौथा संपलेला असतो. आधीचं वजन त्यांना माहीत नसतं. तिथं ९ ते ११ आणि महिन्याला दीड-दोन किलो हाच आधार धरावा लागतो.

डॉ_पूर्वभाग
बरोबर. म्हणूनच आशाताईंनी पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवून घेणं इतकं मोलाचं आहे. त्या दिवशीचं वजन कार्डावर आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

साखरपेठ_आजी
आमच्या वेळी कोण वजन करत होतं? डिंकाचे लाडू, तूप-भात, शेंगाची चटणी. पोरं धडधाकट झाली सगळी.

पोषण_सल्ला
आजी, चटणीला माझं पूर्ण अनुमोदन! दोन मोठे चमचे शेंगाची चटणी म्हणजे साधारण १५० उष्मांक आणि ६-७ ग्रॅम प्रथिनं. कडक भाकरी, चटणी आणि ताक ही गरोदर बाईसाठी उत्तम न्याहारी आहे. फक्त रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ बेतानं घातलेली चटणी घरी वेगळी कुटावी.

डिंकाच्या लाडवाचं मात्र बघायला हवं. मध्यम आकाराचा एक लाडू २०० ते २५० उष्मांकांचा. 'दुप्पट खा' या सल्ल्यात खरी गडबड इथं होते. भारतीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत गरोदर बाईला रोज ३५० उष्मांक जास्त सांगितले आहेत. एवढेच. आपल्या ताटात ते कसे दिसतात? एक मध्यम भाकरी (साधारण २००), वाटीभर घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ (१०० ते १२५) आणि वाटीभर ताक. झालं. सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू खाल्ला की तेवढे उष्मांक लाडवातच संपतात, आणि त्यात प्रथिनं थोडीच. चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. एका अंड्यातून ६, पेलाभर दुधातून ६-७, वाटीभर उसळीतून ६-७ ग्रॅम मिळतात. डोहाळजेवणाला खुशाल लाडू खावा, रोजची सवय नको. आणि भाकरी कमी करायला सांगणाऱ्यांनी आधी चहा-खारी, फरसाण आणि थंड पेयाची बाटली कमी करायला सांगावं.

कन्ना_चौक
भाकरी कडक की मऊ? 🙂

पोषण_सल्ला
पीठ तेवढंच, पौष्टिकपणा तोच. कडक भाकरी खाल्ली तर पाणी आणि ताक जास्त प्या. बद्धकोष्ठ झालं की शौचाला जोर द्यावा लागतो, आणि तो ताण थेट कंबरेवर येतो.

फिजिओ_जुळे_सोलापूर
आता दुसऱ्या प्रश्नावर येते, कारण खरा गैरसमज तिथं आहे.

वाढलेले बारा किलो म्हणजे बारा किलो चरबी नव्हे. बाळ ३ किलोच्या आसपास, वार ६००-७०० ग्रॅम, गर्भजल किलोभर, गर्भाशय स्वतः किलोभर, रक्त सव्वा ते दीड किलो, अंगातलं वाढीव पाणी दीड किलो, स्तन अर्धा किलो, आणि बाकीचा तीनेक किलो चरबीचा साठा पुढं अंगावर पाजायला लागतो. भाकरी तोडून यातलं काय कमी होणार? आधी जातो तो साठा, आणि आईचं खाणं फारच तुटलं तर बाळाची वाढ.

कंबर दुखण्याची मुख्य कारणं तीन. पोट पुढं येतं तसा शरीराचा तोल पुढं सरकतो. पडू नये म्हणून बाई खांदे मागं टाकून, कंबरेत बाक आणून चालते आणि कंबरेचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. दुसरं, संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या हाडांना धरून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. तिसरं, पोटाचे स्नायू ताणले जाऊन त्यांची पकड ढिली होते. म्हणून पुष्कळ बायांची कंबर चौथ्या-पाचव्या महिन्यातच धरते, तेव्हा वजन तीन-चार किलोही वाढलेलं नसतं. आधीपासून वजन जास्त असेल किंवा वेगानं वाढलं तर त्रास वाढतो हे खरं. पण उपाशी राहून कंबर थांबत नाही.

आणि दुखणं कुठं आहे ते बोटानं दाखवायला सांगा. हे फार महत्त्वाचं. बाईनं पूर्ण हात कंबरेच्या मधोमध आडवा ठेवला तर ते साधं कंबरेचं दुखणं. एक बोट नितंबाच्या वर, जिथं खळी पडते तिथं ठेवलं, किंवा पुढं जांघेच्या हाडावर ठेवलं, तर ते ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं. अंथरुणात कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते ती याच सांध्यांतून. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

विजापूर_वेस
हे बोटाचं आवडलं. आशाताईंना लगेच जमेल.

गटप्रवर्तक_कुंभारी
मग विड्या वळणाऱ्या बाईनं बसायचं कसं? खुर्चीवर बसून सूप मांडीवर राहत नाही.

फिजिओ_जुळे_सोलापूर
खुर्चीची गरज नाही. सोलापुरी चादर चौपदरी घडी करून तिची आणखी एक घडी घाला, चार-सहा इंच उंची झाली पाहिजे. ती घडी फक्त बुडाखाली, पाय जमिनीवर. बूड गुडघ्यांपेक्षा वर राहिलं की कंबर आपोआप सरळ होते. पाठ भिंतीला, आणि कंबरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल. सूप मांडीवर न ठेवता समोर पाटावर किंवा दोन विटांवर फळी टाकून ठेवा, म्हणजे मान आणि पाठ वाकणार नाही. पाय एकाच मांडीत तासभर ठेवू नका, एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, मग बदला. अर्ध्या तासानं उठायचंच. पानं कापण्याचं काम उभं राहून ओट्यावर करता येतं, ते मध्ये घ्या. म्हणजे अर्धा तास वळणं, मग थोडं कापणं.

कारखान्यात माल द्यायला जाताना सगळं एका काखेत नको. दोन पिशव्या, दोन हातांत सारखं वजन.

शिलाई मशिनवर: पायडल एकाच पायानं मारलं की ओटीपोट एका बाजूला ओढला जातो. मोटार बसवलेली असेल तर उत्तम, नसेल तर पाय आलटूनपालटून वापरा आणि स्टूल एवढं उंच घ्या की गुडघे कंबरेच्या खाली राहतील.

उपकेंद्र_सिस्टर
विडीबद्दल एक जोडते. तंबाखूची धूळ श्वासातून जाते आणि हातांच्या कातडीतूनही निकोटिन अंगात शिरतं. गरोदर बाईनं बंद खोलीत वळू नये. दारात, हवेशीर जागी बसावं, नाका-तोंडावर ओढणी घ्यावी, उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ नये, आणि तंबाखू झोपायच्या खोलीत साठवू नये. काम सोडणं शक्य असेल तर सोडणंच चांगलं. शक्य नसेल तर निदान एवढं.

घरचा_माणूस
आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सगळ्या घागरी, बॅरल भरून ठेवायची धावपळ असते. बाईनं काय उचलावं, काय नाही?

फिजिओ_जुळे_सोलापूर
दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं, कारण सोलापुरात कंबर मोडायचं मोठं कारण हेच. भरलेली घागर म्हणजे १२ ते १५ किलो, आणि ती एका कमरेवर घेतली की सैल झालेल्या सांध्यांवर सगळा भार एका बाजूनं येतो. ते पूर्ण बंद. पाणी भरणं हे घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम. पाइप थेट बॅरलपर्यंत न्या. दुसरा धोका बॅरल अर्धं झाल्यावर: तळातलं पाणी काढायला बाई काठावर पोट टेकवून आत वाकते. बॅरल विटांवर चढवून खाली तोटी बसवून घ्या. तोटीची बादली अर्धीच भरा, म्हणजे पाच-सहा लिटर, आणि गुडघ्यात वाकून, बादली अंगाजवळ धरून, श्वास सोडत उचला. श्वास कोंडून उचलू नये.

घरचा_माणूस
तोटी या रविवारी बसवतो.

साखरपेठ_आजी
बसून फरशी पुसली की बाळंतपण मोकळं होतं म्हणतात. त्याचं काय?

डॉ_पूर्वभाग
आजी, बाळंतपण मोकळं होणं बाळाची स्थिती, कळांचा जोर आणि ओटीपोटातली जागा यांवर असतं, फरशीवर नाही. दुखत नसेल तर बसून पुसायला हरकत नाही. पण जांघेचं हाड दुखत असेल तर उकिडवं बसून पाय फाकवत पुढं सरकणं म्हणजे दुखणं वाढवणं. त्यांनी उभ्यानं, लांब दांड्याच्या पोच्यानं पुसावं.

फिजिओ_जुळे_सोलापूर
व्यायाम लिहिते, हे बैठकीत करून दाखवा.

भिंतीला पाठ लावून उभं राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढं, गुडघे किंचित सैल. श्वास सोडत कंबरेचा खळगा भिंतीला दाबा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा, हात-गुडघ्यांवर घोड्यासारखं होऊन श्वास सोडत पाठ वर उचला आणि फक्त सपाटीपर्यंत परत आणा. पोट खाली लोंबू द्यायचं नाही, बहुतेक चूक इथंच होते. तिसरा, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठणं-बसणं, दहा वेळा. यानं मांड्या आणि नितंबांना ताकद येते. चौथा, लघवी अडवल्यासारखं खालचे स्नायू आवळून पाच ते दहा मोजणं. हा लघवी करताना मात्र करू नये.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग जास्त. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सातच्या आत. रक्तस्राव, वार खाली असणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं, यात आधी डॉक्टरांना विचारूनच.

झोपताना डाव्या किंवा उजव्या कुशीवर, २८ आठवड्यांनंतर उताणं नको. घडी घातलेली चादर दोन गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पायांच्या मध्ये, म्हणजे वरचा पाय खाली पडून कंबर पिळली जात नाही. पोटाखाली छोटा टॉवेल. उठताना झटक्यात बसू नये. दोन्ही गुडघे जवळ ठेवून कूस बदला, पाय खाली सोडा, हातानं रेटा देऊन उठा. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसू नये, रिक्षा बरी, आणि उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर.

सात_रस्ता
फळीवर किंवा जमिनीवर झोपलं की कंबर बरी होते ना?

फिजिओ_जुळे_सोलापूर
नाही. कुशीवर झोपलेल्या गरोदर बाईचं खुब्याचं हाड कडक फळीवर टोचतं. खोल बुडणारी गादीही नको. घट्ट कापसाची गादी पुरे. जमिनीवर अंथरलं तर उठताना त्रास होतो, म्हणून शेवटच्या महिन्यांत खाट बरी.

कन्ना_चौक
मेडिकलमध्ये पट्ट्याचा बेल्ट मिळतो, तो घ्यावा का?

उपकेंद्र_सिस्टर
मी म्हणेन नको. बेल्टची सवय लागून स्नायू ढिले पडतात.

फिजिओ_जुळे_सोलापूर
सिस्टर, दिवसभर लावला तर तुमचं खरं आहे. पण ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं असेल तर योग्य बेल्ट चालताना, काम करताना दोन-तीन तास लावल्यानं आराम मिळतो. पत्र्याच्या पट्ट्या असलेला कंबरेचा रुंद बेल्ट चुकीचा, तो पोटावर दाब देतो. हवा तो पोटाच्या खाली, खुब्यांवरून जाणारा अरुंद बेल्ट. विकत घ्यायचा नसेल तर सुती ओढणी सहा इंच रुंदीची घडी करून, उभं राहून, पोटाखालून खुब्यांवर गुंडाळा आणि गाठ बाजूला मारा. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. झोपताना काढायची.

विजापूर_वेस
कंबर दुखते म्हणजे कॅल्शियम कमी झालं, असं सगळे म्हणतात. गोळ्या घेऊन थांबतं का?

डॉ_पूर्वभाग
कॅल्शियमच्या गोळीनं कंबर थांबत नाही. तरीही ती चुकवायची नाही, कारण तिचा मोठा उपयोग गरोदरपणातला रक्तदाबाचा धोका कमी करण्यात आणि आईच्या हाडांसाठी आहे. चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, किमान दोन तासांच्या अंतरानं, आणि चहासोबत कधीच नाही. लिंबूपाण्यासोबत चांगली.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल कळकळीनं सांगतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच चालते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून आणून घेऊ नका. २० आठवड्यांनंतर यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. कंबरेला चोळायच्या ट्यूबमध्ये आणि स्प्रेमध्येही बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं. डबीवरचं नाव वाचा. चोळायचंच तर साधं तेल, हलक्या हातानं. कोमट पाण्याच्या पिशवीनं पंधरा-वीस मिनिटं कंबरेला शेक, पोटाला नाही.

साखरपेठ_आजी
आणि सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन देतात त्यानं जन्मभर कंबर दुखते, त्याचं काय?

डॉ_पूर्वभाग
टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं. वर्षानुवर्षांच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नाही. बाळंतपणानंतर वाकून दूध पाजणं, वाकून आंघोळ घालणं आणि ढिले राहिलेले पोटाचे स्नायू, हे बहुतेकदा मूळ असतं. त्यावर वेगळा धागा काढा.

उपकेंद्र_सिस्टर
कधी थांबायचं नाही, तेही लिहायला हवं. ३७ आठवड्यांच्या आत कंबर ठरावीक अंतरानं दुखून थांबत असेल आणि सोबत पोट कडक होत असेल, तर ती कळ असू शकते. ताप, लघवीला जळजळ आणि बरगडीखाली एका बाजूला दुखणं म्हणजे मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पायातली ताकद जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं: यातलं काहीही असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. १०२ किंवा १०८ला फोन.

डॉ_पूर्वभाग
आणि वजनाचा धोका सांगतो, कारण तो सर्वांच्या नजरेतून सुटतो. आठवड्यात एकदम किलोच्या वर वाढ, चेहऱ्यावर-हातांवर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, बेंबीच्या वर दुखणं: हे खाण्यानं वाढलेलं वजन नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे. रक्तदाब लगेच मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर थांबू नका. तसंच वजन वेगानं वाढत असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करायची साखरेची तपासणी झाली आहे का बघा. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांची मोफत तपासणी असते, तिथं हे सगळं होतं.

गटप्रवर्तक_कुंभारी
सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नांचं उत्तर आशाताईंसाठी थोडक्यात असं लिहून घेते: कंबर दुखली म्हणून भाकरी तोडायची नाही, बसणं-उचलणं-झोपणं बदलायचं. वजन आठवड्याच्या वेगानं बघायचं. बरोबर ना? एक शेवटचं: घरोघरी काटा वेगवेगळा दाखवतो, त्याचं काय करायचं?

डॉ_पूर्वभाग
अगदी बरोबर लिहिलंत.

उपकेंद्र_सिस्टर
काट्याचं असं करा. प्रत्येक आशाताईनं तिच्या बायांसाठी एकच काटा वापरायचा. फरशीवर ठेवायचा, चटई किंवा मातीवर नाही. बाई चढण्याआधी शून्य बघायचा. पाच किलोची बंद पिशवी, गव्हाची किंवा तांदळाची, ठेवून आठवड्याला एकदा तपासायचा. चप्पल काढून, लघवीला जाऊन आल्यावर, शक्यतो सकाळी. आणि आकडा तिथल्या तिथं कार्डावर, तारखेसकट. तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी व्यायामाची चित्रं काढून द्या, मजकूर कमी ठेवा. पूर्व भागातल्या अक्कांना चित्र बघून लगेच जमतं.

कन्ना_चौक
चित्रं मी काढून देतो. भिंतीचा व्यायाम, चादरीची घडी आणि पोटाखालची ओढणी, तिन्ही. फिजिओताई, टाचा भिंतीपासून वीतभर, बरोबर?

फिजिओ_जुळे_सोलापूर
हो, वीतभर. आणि चित्रात गुडघे किंचित वाकलेले दाखवा, ताठ नकोत.